वहिनींची चौदा मागची दारं

लोक दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसतात. वहिनी कान खुपसायच्या. त्यात त्यांचा फारसा दोष नव्हता. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढल्यावर माणसाचा कान जागेवर राहत नाही. नियम असा होता की लाईन जोडायची, पलीकडून ‘हॅलो’ आलं एवढं ऐकायचं आणि बाजूला व्हायचं. वहिनींचं ‘हॅलो’ कधी कधी पाच मिनिटं चालायचं. ऐकलेलं मात्र त्यांनी कधी बाहेर काढलं नाही. पोट मोठं होतं, दोन्ही अर्थांनी.

एक्स्चेंजची दुसरी देणगी म्हणजे त्यांचं एक वाक्य. चुकून लाईन भलतीकडे जोडली तर वहिनी मधाळ आवाजात म्हणायच्या, “लाईनमध्ये बिघाड आहे.” पुढे घरीही तेच. दूध उतू गेलं, लाईनमध्ये बिघाड. नवरा गेल्यावर महिन्याभरात त्यांनी त्याचा जुना रेडिओ भंगारवाल्याला दिला. समोर राहणाऱ्या नणंदबाईंना न विचारता दिला, आणि रेडिओ तर नणंदबाईंनीच पहिल्या पगारातून भावाला घेतलेला. त्या थरथरत दारात उभ्या राहिल्या तेव्हाही वहिनींच्या तोंडून ‘चुकलं’ हा शब्द काही निघाला नाही. त्या दिवसापासून दोघींचा चहा बंद झाला. चार वर्षं झाली.

बोलणं मात्र होतं, पण कॉम्प्युटरपुरतं. कारण निवृत्तीनंतर वहिनी हट्टाने कॉम्प्युटर शिकल्या आणि बघता बघता गल्लीच्या डॉक्टर झाल्या. चौदा घरांचे कॉम्प्युटर त्यांच्या हाताखाली. दर वेळी जिने कोण चढणार, म्हणून त्यांनी चौदाही ठिकाणी एक प्रोग्राम घालून ठेवला. त्याने आपल्या खुर्चीत बसून दुसऱ्याचा पडदा बघता यायचा, दुसऱ्याच्या पडद्यावरचा बाण हलवता यायचा. पासवर्ड सगळीकडे एकच, त्यांचा ऑपरेटर नंबर, एकशे सत्त्याण्णव. प्रोग्राम सहा आकडे मागू लागला, म्हणून तोच दोनदा. आणि कॉम्प्युटर दुरुस्त झाल्यावर तो प्रोग्राम काढायचा राहून जायचा. जोडलेली लाईन तोडायला वहिनींचा हात कधीच वळला नव्हता.

मग काय, मंगळवारी अकराला नणंदबाईंकडे एक फेरी व्हायची. काही उघडायचं नाही, नुसतं बघायचं, फार तर वाचताना बाण नकळत ओळीवरून सरकायचा. नणंदबाई भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. त्यांच्या पडद्यावर नकाशे, नद्या आणि कधी पत्त्यांचा डाव. वहिनींनी एकदा न राहवून बाण काळ्या दश्शीवर नेऊन ठेवला होता. नणंदबाईंनी तीच दश्शी हलवली आणि डाव जिंकला. आपल्याला कोणी पाहिलं नाही अशा खुशीत वहिनी दिवसभर गुणगुणत होत्या.

एका शनिवारी दुपारी फोन वाजला.

“वहिनी, माझ्या कॉम्प्युटरवरचा बाण आपोआप फिरतोय. सकाळपासून. तुम्ही जरा येता का?”

वहिनींना आधी आपले मंगळवार आठवले. पण सकाळभर तर त्या दातांच्या डॉक्टरांकडे आ वासून पडल्या होत्या! म्हणजे हे पाप आपलं नव्हे. त्या सुटकेच्या आनंदात चपला घालून मिनिटभरात पोहोचल्या, आणि दारातच दुसरा विचार आला: आपण नाही, तर मग कोण? आणि तो आत आला कुठून? हे शोधताना आपला प्रोग्राम उघडा पडला तर चौदाच्या चौदा घरं आपल्या तोंडावर बंद होतील. म्हातारपणी माणसाला उंबरे लागतात.

“बसा,” नणंदबाई म्हणाल्या. पाणी दिलं. चहाचं नाव नाही.

वहिनींनी पडद्यावरच्या सगळ्या खिडक्या बंद केल्या आणि इंटरनेटच्या डबीकडे बघत बसल्या. कॉम्प्युटर गप्प, तरी डबीवरचा दिवा लुकलुक लुकलुक. एक्स्चेंजमध्ये असा दिवा दिसला की वहिनी ओळखायच्या.

“वन्सं, लाईनवर कोणीतरी आहे.”

मग त्यांनी चालू असलेल्या प्रोग्रामची यादी काढली आणि कोण बाहेर कोणाशी बोलतंय ते बघितलं. एक नाव सारखं बडबडत होतं: ‘प्रिंटर मदतनीस’.

“तुम्ही प्रिंटर कधी घेतलात?”

“कधीच नाही.”

“मग हा मेला कोणाला मदत करतोय?”

वहिनींनी आधी डबीची वायर उपटली. चोर घरात असताना पहिली गोष्ट म्हणजे त्याची बाहेरची वाट तोडायची. मग त्या मदतनीसाला बंद केलं, पुसलं, कॉम्प्युटर सुरू केल्याबरोबर आपोआप चालू होणाऱ्यांच्या यादीतून त्याचं नाव काढलं. कॉम्प्युटर पुन्हा चालू केला, तर पठ्ठ्या हजर! वहिनींनी पदर खोचला. शोधता शोधता सापडलं: त्याने दर मिनिटाला स्वतःला पुन्हा उभं करायची एक आज्ञा वेळापत्रकात लिहून ठेवली होती. तीही काढली. या वेळी तो परत आला नाही.

शेवटी आत येण्याजाण्याची नोंद उघडली. शनिवार, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं. अनोळखी पत्ता. आत आला तो वहिनींच्याच प्रोग्राममधून, वहिनींच्याच पासवर्डने. आणि त्याच्या वरती, एकाखाली एक, सगळे मंगळवार, अकरा वाजता.

नणंदबाई चष्मा पुसत होत्या. वहिनींनी घाईघाईने ती नोंद मिटली.

“काय झालं होतं?”

“लाईनमध्ये बिघाड,” वहिनी म्हणाल्या. “असा चोर एकदा शिरला की भरवसा नाही, अजून कुठे लपला असेल. तुमचे कागद, फोटो तेवढे बाजूला काढते आणि बाकी सगळं पुसून नव्याने भरते. पासवर्ड फोनवरून बदलून घ्या, बँकेचा आधी.”

सल्ला शंभर टक्के खरा होता. त्यात मंगळवारही पुसले जाणार होते हा वरचा फायदा. एका दगडात दोन पक्षी! वहिनींना जरा हुरूप आला. त्या एकेक फाईल उचलू लागल्या. नद्या. नकाशे. भाच्यांचे फोटो. आणि मग एक फाईल: ‘वहिनींसाठी’.

“उघडा की,” नणंदबाई शांतपणे म्हणाल्या. “तुमचीच आहे.”

वहिनींनी उघडली. तारखा होत्या, सगळे मंगळवार.

‘आज अकराला दोन मिनिटं उशिरा आलात.’

‘काळ्या दश्शीबद्दल आभार. मला दिसली नव्हती.’

‘आज आला नाहीत. बरं नाही का?’

‘समोर दार आहे वहिनी. वीस पावलं. पण अशा आलात तरी पुरे.’

वहिनींच्या डोळ्यांसमोरचा पडदा धूसर झाला.

“मला कळलं होतं,” नणंदबाई म्हणाल्या. “तुम्ही बाण हळू फिरवता, मध्येच थांबता, वाचता. आजचा भराभर फिरत होता. म्हटलं, या आमच्या वहिनी नव्हेत. म्हणून फोन केला.”

एकतीस वर्षं वहिनींनी माणसं आवाजावरून ओळखली होती. आपल्याला कोणी बाणावरून ओळखेल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. त्यांनी मान खाली घालून कॉम्प्युटर पुसला, नव्याने भरला, आणि घरी गेल्या.

रविवार आणि सोमवार मिळून त्या तेरा घरं हिंडल्या. प्रत्येक ठिकाणी आपला प्रोग्राम दाखवला, काढला, चोर शिरलाय का ते बघितलं. आणखी दोन घरांत सापडला, त्याला हाकललं. शिंप्याने विचारलं, “म्हणजे तुम्ही आमचा पडदा बघत होतात?” वहिनी म्हणाल्या, “हो. तुमचा पत्त्यांचा डाव फार कच्चा आहे.” औषधवाल्याच्या बायकोने दोन खोल्या ऐकू जाईल असं सुनावलं. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. पण तेराही घरांत कारण एकच सांगितलं, लाईनमध्ये बिघाड होता. जुनं हाड, वाकेना.

मंगळवारी अकराला वहिनी वीस पावलं चालल्या आणि नणंदबाईंची कडी वाजवली.

आतून आवाज आला, “पासवर्ड?”

वहिनींना हसू आलं. “एकशे सत्त्याण्णव, एकशे सत्त्याण्णव.”

“तो आता गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. दुसरा सांगा.”

आतून आल्याचा वास येत होता, चहा उकळत होता. नेहमीचं वाक्य जिभेवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

“चुकलं माझं, वन्सं,” वहिनी दाराला म्हणाल्या. “रेडिओचंसुद्धा.”

कडी निघायला थोडा वेळ लागला, कारण आत नणंदबाई आधी डोळे पुसत होत्या.