भाचीला मिळालेली वेळ

बहिणीचा फोन आला तेव्हा मी पर्वत पाटियाच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर साडीचा काठ काढत होते. "सोमवारी दवाखान्यात येशील? तुला यातलं कळतं," ती म्हणाली. 'यातलं' म्हणजे काय, ते मला लगेच कळलं. तिचं धाकटं मूल मुलगा म्हणून जन्मलं. आता तेराव्या वर्षी ते ठामपणे सांगत होतं, मी मुलगी आहे. भेस्तानच्या त्यांच्या घरात तोवर सगळ्यांना तिला मुलगी म्हणून हाक मारायची सवयही झाली होती.

मीही तशीच. त्याच वयात मी आईला हेच सांगितलं होतं. "तुले काय व्हयनं?" एवढंच ती म्हणाली. वडील लूमच्या कारखान्यातून आले आणि त्यांनी मला न्हाव्याकडे नेऊन माझं डोकं भादरून आणलं. बहीण तेव्हा दहा वर्षांची होती. दारात उभी राहून ती खूप हसली. पुढे आवाज फुटला तेव्हा महिनाभर मी शाळेत तोंड उघडलं नाही. कमावती झाल्यावर उपचार घेतले, शस्त्रक्रिया केली, पण आवाज तसाच राहिला. अडतिसाव्या वर्षीही फोनवर व्यापारी मला 'भाई' म्हणतात.

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी भाचीला तपासलं, तिच्या एकटीशी बराच वेळ बोलल्या. मग आम्हाला आत बोलावलं. "वेळेत आलात. आवाज अजून फुटलेला नाही. इंजेक्शनानं वाढ थोडी थांबवून ठेवू. पुढचं ती मोठी झाल्यावर ठरवेल. आईवडील दोघांची सही लागेल." मेव्हण्यांनी पेन मागून घेतलं आणि सही केली. एका हातात मुलीचं दप्तर होतं, तेही त्यांनी खाली ठेवलं नाही. त्या सहीकडे मी पाहत राहिले. माझ्या छातीत काहीतरी जळत होतं. भाची मात्र बाहेर येताच म्हणाली, "मावशी, आता लोचो खायला जाऊ या?" जणू दात दाखवायला आली होती.

दोन आठवड्यांनी दवाखान्यानं कळवलं की इंजेक्शन देता येणार नाही. लहान मुलांना डॉक्टर बिघडवतात, असं कुणीतरी पुढारी सभेत बोलला होता. मग काही लोक तक्रारीचा अर्ज घेऊन दवाखान्यात आले, आणि व्यवस्थापन घाबरलं. आता दवाखान्याची समिती ठरवणार होती. बहीण फोनवर रडत होती. आणि मला, खरं सांगते, बरं वाटलं. आता कळेल हिला, असंच मनात आलं. फोन ठेवल्यावरही ते बरं वाटणं बराच वेळ गेलं नाही.

रविवारी ती माझ्या घरी आली. चहाला हात न लावता म्हणाली, "तू समितीसमोर बोलशील? तुझं काय झालं ते सांग."

"म्हणजे वेळेवर उपचार नाही मिळाले तर काय होतं, त्याचा नमुना म्हणून मला न्यायचंय?"

तिनं कप बाजूला सरकवला. मग म्हणाली, "हो. आणि मी हसले होते, तेही सांग."

तिला ते आठवत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी हो म्हटलं.

समितीत पाच जण होते. त्यातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "उद्या हिचं मन बदललं तर?" त्यांच्या आवाजात कुत्सितपणा नव्हता, खरीच काळजी होती.

"तर इंजेक्शन बंद करता येईल, वाढ पुन्हा सुरू होईल, असं तुमच्याच डॉक्टर म्हणाल्या. काही धोके आहेत, तेही त्यांनी सांगितलेत. पण माझा हा आवाज ऐकताय ना? तो मला कुणी न विचारताच आला."

"तुम्हाला तेव्हा हे मिळालं असतं तर?"

याचं उत्तर मी पाठ करून गेले होते. पण भाची समोर बसून आपल्या वेणीच्या टोकाशी खेळत होती, आणि मला रडू फुटलं. बहिणीनं माझा हात धरला. तिला वाटलं असेल, मी मुलीसाठी रडते आहे.

परवानगी अडीच महिन्यांनी आली. दर तीन महिन्यांनी तपासणी, मधून मधून समुपदेशन आणि दर वर्षी पुन्हा समितीसमोर हजेरी. पुढच्या वर्षी समिती काय म्हणेल, कुणालाच माहीत नाही. तेवढ्यासाठी बहीण रोज पेपर वाचते.

सगळं मार्गी लागलं की हेवा जाईल, असं मला वाटलं होतं. गेला नाही. नवरात्रीच्या आधी भाचीला चनियाचोळी घ्यायला नेलं. तिनं तिसरी चोळी अंगावर चढवली, पाठ माझ्याकडे केली आणि म्हणाली, "मावशी, नाडी बांध ना, घट्ट." मी बांधली. जरा जास्तच घट्ट झाली. ती "आई गं" म्हणाली, तेव्हा सोडून पुन्हा बांधली.