बाहेरच्यांना सांगायची गोष्ट

लातुरात मी एका कॉलेजची ग्रंथपाल आहे. म्हणजे पगारपत्रकावर तसं लिहिलंय. खरं तर मी खुर्च्यांची राखणदार आहे. डॉक्टर व्हायच्या परीक्षेची तयारी करणारी पोरं सकाळीच आपापले प्रश्नसंच घेऊन येऊन बसतात. कपाटातल्या पुस्तकांकडे कुणी ढुंकून बघत नाही. मॅडम पंखा वाढवा, मॅडम पंखा कमी करा, एवढंच काय ते माझ्याशी बोलणं. खोलीवर गेल्यावर तेही नाही. चिडचिड होते, पण चिडायला तरी समोर कुणी लागतं.

त्यामुळं नांदेडच्या विद्यापीठानं नेपाळमधल्या एका विद्यापीठाबरोबर ग्रंथपालांसाठी प्रशिक्षण काढलं, तेव्हा मी लगेच नाव दिलं. शिकायची हौस वगैरे काही नाही, माणसं भेटतील म्हणून. शनिवारी पहाटेची एसटी धरून नांदेड गाठायचं. तिथं मोठ्या पडद्यावर तिकडचे शिक्षक शिकवायचे आणि खोलीत आमचे. गावाच्या आठवणी माणसांच्या आवाजात जमवून ग्रंथालयात कशा ठेवायच्या, हा विषय. इथल्या प्रत्येकाला तिकडचा एक जोडीदार दिला होता. माझ्या वाट्याला आली ती डोंगरातल्या गावची, माझ्याहून बरीच लहान. तिचं गाव भूकंपात गेलेलं. माझं गाव किल्लारी. आमची जोडी लावणाऱ्याला फार डोकं चालवावं लागलं नसणार.

ती मला दिदी म्हणायची. आम्ही हिंदीत बोलायचो, दोघींचीही मोडकीच. तिचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढं. मी फोन लावला की म्हणायची, दिदी, पुन्हा उशीर. मी म्हणायचे, तुझाच देश घाईत आहे. त्या फोनची मी आठवडाभर वाट बघायचे, हे मात्र तिला कधी सांगितलं नाही.

शेवटचा गृहपाठ होता, घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाची आठवण रेकॉर्ड करून द्यायची. माझ्या घरात माणूस एकच, अण्णा, माझे वडील. साखर कारखान्यातून निवृत्त झाले आणि किल्लारीतच राहिले, भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावात. भूकंपात आई गेली तेव्हा मी अंगावर पिणारी होते. तिचा फोटो होता तो घराखालीच राहिला. आजोळही त्याच गावात, तिथलं कुणी वाचलं नाही. आणि अण्णांनी तिच्याबद्दल मला आजवर एक शब्द सांगितला नव्हता. लहानपणी विचारलं की उठून बाहेर जायचे, मग मीच विचारायचं सोडलं. आता त्यांना दम लागतो, बोलता बोलता विसरतात. ते गेले की माझ्या आईबद्दल सांगणारं जगात कुणी उरणार नाही, या विचारानं माझा जीव टांगणीला लागला होता. गृहपाठ हा नुसता बहाणा.

औशावरून बस धरून गावी गेले. सगळं समजावून सांगितलं.

"अभ्यासाचं हाय का?" अण्णांनी विचारलं.

"हो."

"मंग विचार."

माझ्या अभ्यासाला त्यांनी उभ्या जन्मात नाही म्हटलेलं नाही. फक्त आवाज घेणार आहे म्हटलं तरी इस्त्रीचा सदरा घालून आले. मी मोबाइल मध्ये ठेवला आणि त्या दिवसाचं विचारलं. अण्णा ताठ बसले आणि सुरू झाले.

"पहाटंची येळ. लोक गणपती बुडवून येऊन झोपलेले. जमीन हालली. दगडमातीची घरं, बसली खाली. माझ्या घरात बायको मयत, वय बावीस. एक म्हैस मयत. मुलगी वाचली. सरकारनं घर दिलं. आभारी हाव."

हे मला तोंडपाठ होतं. आमच्या गावात घरोघरी बाहेरच्यांना सांगायची एक गोष्ट तयार असते. दर सप्टेंबरात पत्रकार येतात, अधूनमधून कुणी पाहुणे, कुणी अभ्यासक. त्यांनी काय विचारायचं आणि आपण काय सांगायचं, हे केव्हाच ठरून गेलंय. सांगताना कुणी रडत नाही. रडू येणार नाही अशीच ती बसवलेली असते. लहानपणी मी दारात उभी राहून ऐकायचे, आणि "मुलगी वाचली" म्हणताना अण्णा माझ्याकडे बोट करायचे. या खेपेलाही केलं. समोर दुसरं कुणी नव्हतं. मलाच दाखवून मलाच सांगितलं, मुलगी वाचली.

राग आला, मी काय पत्रकार आहे? मुकाट्यानं मोबाइल उचलला आणि संध्याकाळच्या बसनं परत आले. येताना खिडकीकडे तोंड करून रडले, उगाच कशाला खोटं बोला.

जोडीदाराला फोनवर सगळं सांगितलं. ती हसली नाही. "तू त्या दिवसाचं विचारलंस ना? माझी आजीपण असंच करायची. मग मी विचारलं, पाण्याला कुठल्या वाटेनं जायचीस? त्या दिवसाच्या आधीचं विचार, दिदी."

पुन्हा गावी निघाले तेव्हा आधीचं काय विचारायचं, हे मला बसमध्ये सुचलं. नव्या गावात घरं ओळीनं आहेत, प्रत्येकाला प्लॉटचा नंबर. वाटप झालं तेव्हा शेजारी शेजारी राहणारी माणसं कुठल्या कुठं फेकली गेली. तरी पत्ता सांगताना अण्णांच्या वयाची माणसं अजून जुन्या गल्लीचाच सांगतात. ती गल्ली आता बाभळीत बुडालीय.

"अण्णा, जुन्या गावात वेशीतून आपल्या घरी कसं यायचं?"

अण्णांनी डोळे मिटले. हात आपोआप हलायला लागला. "येशीतून आत आलं की डाव्या हाताला शिंपी. त्याची मिशन दिसभर चालायची. मंग तेल्याचं घर, त्याचा बैल लई मारका, भिंतीला धरून जायाचं. फुडं मोरी, तिथं पाय सांभाळ." मला हाताला धरून नेत असल्यासारखे दार दार सांगत गेले. कोण चिकट, कोण भांडखोर, कुणाकडचा चहा पाणचट. मध्येच हसले. अण्णांना एवढं बोलताना मी पहिल्यांदाच बघत होते. "आन् ही शेजारची म्हातारी. उंबऱ्यात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकणार. आता आपलं दार."

ते थांबले. हात खाली घेतला.

"बंद कर ते. हे अभ्यासात घालू नको."

मी मोबाइल बंद केला.

"तू रोज रातच्याला रडायचीस. रोज तीच उठायची. मला कारखान्याची पाळी, म्हणून उठवायची न्हाई. त्या रातीला म्हणली, आज तुम्ही घ्या हिला, मला लई झोप आलीय. मी तुला घिऊन अंगणात आलो. तू काय केल्या गप होईना."

पुढचं त्यांनी सांगितलं नाही.

"मी रडले नसते तर?" मी विचारलं.

"तर आपण दोघंबी आतच." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू सोताला दोष देत बसशील म्हणून न्हाई बोललो, माय."

शेजारच्या म्हातारीच्या उंबऱ्यापर्यंतचं रेकॉर्डिंग मी हिंदी भाषांतर जोडून जमा केलं. तिकडच्या शिक्षकांनी शेरा मारला, छान आहे, पण मध्येच तुटतं. जोडीदारानंही विचारलं, पुढं काय झालं? मी म्हटलं, बॅटरी गेली. प्रशिक्षण संपलं, प्रमाणपत्रं आली. तिला मोठ्या शहरात नोकरी लागली आणि फोन कमी होत गेले. आता दसऱ्याला तेवढा मेसेज येतो. अण्णाही पुन्हा गप्प झालेत. पत्रकार आले की तेच सांगतात, बायको मयत, वय बावीस.

मी आपली खुर्च्या राखतेय. दुपारी एखादी पोरगी टेबलावर डोकं टेकून झोपते. पूर्वी मी जवळ जाऊन टेबल वाजवायचे, ही काय झोपायची जागा आहे? आता पंखा थोडा वाढवते आणि परत येऊन बसते. माझ्या आईबद्दल मला एकच गोष्ट माहीत आहे. तिला झोप आली होती.