वरची सिंदी, खालची सिंदी

हॉस्टेलचे मालक केबिनमध्ये बसले होते. आमच्या एजन्सीचे शेठजी बाहेर येऊन थूल मॅडमच्या टेबलाशी उभे होते, हातात जॉब स्लिप घेऊन. मी माझ्या जागेवर मान खाली घालून की-बोर्ड पुसत होतो. तो स्वच्छच होता.

"मॅडम, हॉस्टेल कुठं आहे?" शेठजींनी विचारलं.

"सिंदी मेघेले, सर."

"मग मिस्त्री सिंदी रेल्वेला काऊन गेला? दोन दिवस झाले, पोरींना पाणी नाही तिथं."

थूल मॅडमनी स्लिप हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली. "मी तं मेघेच टाकलं होतं," त्या म्हणाल्या. दुपारी केबिनमध्ये या, असं सांगून शेठजी आत गेले.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. सिंदी मेघे म्हणजे वर्धा शहराला चिकटलेली वस्ती, ऑटोनं जाण्यासारखी. सिंदी रेल्वे हे नागपूर लाइनवरचं वेगळंच गाव. आमच्याकडे कोणी सिंदी म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, कोणती? कागदावर हे दुसरं नाव कंसात लिहितात. पिपरी (मेघे), आंजी (मोठी), तसंच सिंदी (रेल्वे).

आमची एजन्सी मोटरपंपांची होती, विक्री आणि दुरुस्ती. तक्रारीचा फोन आला की थूल मॅडम ती कॉम्प्युटरवर घेत. स्लिप मागच्या वर्कशॉपमधल्या प्रिंटरवर निघे आणि मिस्त्री ती घेऊन परस्पर गाडीला किक मारत. मॅडमना छापलेली स्लिप दिसतच नसे. त्या टेम्पररी होत्या. सहा महिने भरत आले होते आणि त्याच महिन्यात त्यांना कायम करायचं की नाही ते ठरणार होतं.

मी कॉम्प्युटर इनचार्ज. सॉफ्टवेअर माझ्याच सांगण्यावरून घेतलेलं. आधी त्यात गावाचं नाव हातानं टाइप करावं लागे. एकाच आंजीची तीन स्पेलिंगं होत आणि रिपोर्टमध्ये तीन गावं दिसत. शेठजींना गाववार रिपोर्ट हवा होता, म्हणून मी ड्रॉपडाऊन करायचं ठरवलं. ड्रॉपडाऊन म्हणजे बाण दाबला की यादी खाली उघडते, त्यातलं एक निवडायचं. टाइप करायचं कामच नाही.

एकेक गाव भरत बसलो असतो तर आठवडा गेला असता. पण त्यात 'बल्क ॲड' होतं. एक मोठा चौकोन, त्यात एका ओळीत एक नाव अशी अख्खी यादी पेस्ट करायची आणि सेव्ह दाबायचं. मी सरकारी यादीवरून गावं एक्सेलमध्ये घेतली, कंसांसकट, आणि पेस्ट केली. हिरव्या अक्षरात मेसेज आला की सगळे ऑप्शन्स ॲड झाले. मी चहाला गेलो.

त्या चौकोनाखाली बारीक अक्षरात एक ओळ होती. ती मी वाचली नाही. कंसात जे लिहाल ते 'कोड' समजलं जाईल, असा तिचा अर्थ. कोड स्क्रीनवर दिसत नाही, फक्त छापताना येतो. म्हणजे आमच्या गावांची आडनावं गळून पडली होती. स्क्रीनवर नुसती सिंदी आणि त्याखाली पुन्हा सिंदी.

थूल मॅडमनी हे दुसऱ्याच दिवशी विचारलं होतं. "सर, याच्यात दोन सिंदी दिसून राह्यल्या. कोणती कोणती हाय?"

मी फोनवर होतो. उठून त्यांच्या स्क्रीनपर्यंत जायला दहा पावलं लागली असती. मी रिसीव्हरवर हात ठेवून म्हणालो, "वरची मेघे, खालची रेल्वे. अल्फाबेटिकल आहे. एम आधी, आर नंतर." त्यांनी डायरीत लिहून घेतलं.

सारख्या नावांमध्ये ते सॉफ्टवेअर शेवटी भरलेलं वर ठेवत होतं. म्हणजे रेल्वे वर, मेघे खाली. तीन आठवडे थूल मॅडम मी सांगितलं तंतोतंत तसं करत होत्या आणि तीन आठवडे प्रत्येक सिंदी चुकत होती. मिस्त्री कुरकुरायचे, लोक पत्ता बरोबर सांगत नाहीत म्हणायचे. हॉस्टेलचे मालक येऊन बसेपर्यंत कोणी खोलात गेलं नाही.

शेठजी केबिनमध्ये गेल्यावर मी यादी उघडली. वरच्या सिंदीवर एडिट दाबलं. कोड, रेल्वे. मी यादी बंद केली, परत उघडली, पुन्हा पाहिलं. तेव्हा अकरा वाजले होते. दुपारपर्यंत माझ्याकडे भरपूर वेळ होता. मी तो डबा न खाता, पाणी पीत घालवला.

नोकरी जाईल म्हणून घाबरलो, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे मला लाज वाटत होती. कॉम्प्युटर अडला की बाजारातले चार दुकानदार मला बोलावत. त्या माणसानं चौकोनाखालची ओळ वाचली नव्हती.

केबिनमध्ये थूल मॅडम डायरी घेऊनच आल्या. पान उघडून त्यांनी शेठजींसमोर ठेवलं. "सरनं सांगितलं तसंच केलं मी. लिहून ठेवलं हाय."

शेठजींनी वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. "असं सांगितलं होतं तुम्ही?"

"हो. अल्फाबेटिकल आहे म्हणालो होतो."

"एम आधीच येतो ना?"

"हो."

मी एकही शब्द खोटा बोललो नव्हतो. शेठजी मॅडमकडे वळले. "म्हणजे त्यांनी बरोबर सांगितलं, तुम्ही लिहिलं पण बरोबर, आणि दाबलं खालचं."

बाहेर जाऊन स्क्रीन पाहू या, असं कोणीच म्हटलं नाही. ते म्हणायचं होतं मी. थूल मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. रागानं नव्हे, आता हे काहीतरी सांगतील अशा नजरेनं. मी डायरीतल्या त्यांच्या अक्षराकडे पाहत होतो. मग त्या हळूच म्हणाल्या, "असंन सर. घाईत झालं असंन माह्या हातून."

महिनाअखेरीस त्यांना मुदत वाढवून मिळाली नाही. पुढच्या रविवारी मी एकटाच ऑफिसात गेलो, कंस काढले, मधे रेघ टाकून पूर्ण नावं भरली. काम पंधरा मिनिटांचं होतं. सोमवारपासून मिस्त्री बरोबर गावी जाऊ लागले. शेठजी येईल त्याला सांगत, बाई गेली आणि सिस्टीम सुधारली. मीही हसायचो.

पुढे मी ती नोकरी सोडली आणि स्वतःच सॉफ्टवेअर बसवून द्यायचं काम धरलं. आता कुठलीही यादी बल्कमध्ये टाकली की मी ती स्वतः तपासत नाही. ज्याला ती रोज वापरायची आहे त्याला उघडायला सांगतो आणि मागे उभा राहतो. तो काय विचारतो ते उभ्यानंच ऐकतो. ही शिस्त लोकांना आवडते. ती कुठून आली, हे मी कोणाला सांगत नव्हतो.

सात वर्षांनी मी पिपरी मेघेला थूल मॅडमचं घर विचारत गेलो. त्या डाळ निवडत होत्या. "सर, तुम्ही?" म्हणून खुर्ची दिली. मी बसलो नाही. उभ्यानंच सगळं सांगून टाकलं, कंस, कोड, अकरा वाजता पाहिलेली यादी, केबिन.

त्यांचा हात सुपातच राहिला. "म्हणजे मी बरोबर दाबत होती?"

"दरवेळी."

त्यांनी आत हाक मारली. "अहो, बाहेर या जरा. सर, आता सांगितलं तसंच ह्यायले सांगा. पुरं सांगा."

मी पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा ते जास्त जड गेलं, कारण आता त्या माझ्या प्रत्येक वाक्याला नवऱ्याचा चेहरा पाहत होत्या. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "हिले त्याच्यानंतर पतसंस्थेत कॉम्प्युटरचंच काम चालून आलतं. माह्या हातून चुका होतात म्हणे, अन् गेलीच नाई."

थूल मॅडमनी मुलीच्या वहीतलं पान फाडून पेनासकट माझ्यापुढे धरलं. "लिहून द्या."

मी लिहिलं. चूक माझी होती, त्यांची नव्हती, हे स्पष्ट लिहिलं आणि सही केली. त्यांनी ओळीखाली बोट फिरवत ते दोनदा वाचलं आणि पान मला परत दिलं.

"तारीख राह्यली, सर."