अलार्मवरची शॉवर कॅप

गुरुदत्तकाका होम आता बॅकयार्डमध्येच करतात आणि फोनवर मुहूर्ताच्या आधी विचारतात, "घरात दमा कुणाला आहे?"

अमेरिकेतल्या बॉथेलमध्ये तीस वर्षं सॉफ्टवेअर करून ते रिटायर झाले आणि हौसेने भटजी झाले. वास्तुशांतीला आले की आधी स्टुलावर चढून छतावरच्या स्मोक अलार्मला शॉवर कॅप घालायचे. "नाहीतर मंत्राच्या मधेच बोंबलतो मेला!"

मागच्या मार्चमध्ये शिवांगीच्या नव्या घरी होम पेटला. थंडी म्हणून खिडक्या बंद होत्या. तिच्या सात वर्षांच्या अनयाला दमा आहे, हे काकांना कुणी सांगितलं नव्हतं. उगाच चर्चा नको म्हणून. अनया खोकायला लागली, मग तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला.

"पाचच मिनिटं काका, पूर्णाहुती उरकून घेऊ," शिवांगी म्हणाली.

काकांनी पळी आपटली. "पोरीला श्वास घेता येत नाहीये आणि तुला पूर्णाहुती सुचतेय? पंप आण आधी!"

शिवांगीने अनयाला आतल्या खोलीत नेऊन स्पेसरची नळी लावून पंप दिला. तिच्या नवऱ्याने कुंड बाहेर नेलं, काकांनी खिडक्या उघडल्या.

अर्ध्या तासाने अनया शांतपणे बाहेर आली आणि छतावरच्या झाकलेल्या अलार्मकडे बोट दाखवत म्हणाली, "काका, दॅट वन वॉज सपोज्ड टु टेल यू."

काका स्टुलावर चढले आणि त्यांनी कॅप काढली.