ठणठणीत विमानाची दुखणी

सरकारी खात्याकडे आठ खुर्च्यांचं एक छोटं जेट विमान होतं आणि ते सांभाळायला एक मेकॅनिक. हँगरमध्ये सगळे त्याला डॉक्टर म्हणत. एकोणीस वर्षांत त्याने दुसऱ्या विमानाला हात लावला नव्हता, आणि घरच्या मिक्सरला तर नाहीच. बायको म्हणायची, "अहो, तिकडे दोन-दोन इंजिनं चालवता, इथे एक पातं फिरत नाही!" डॉक्टर मिक्सर दुकानात दुरुस्तीला नेई, कारण ती खरं बोलत होती.

विमान ठणठणीत होतं. त्यातून जाणारी मोठी माणसं तेवढी वेळेवर येत नसत. उशिराचं कारण वहीत लिहावंच लागे आणि साहेबांची दुपारची झोप काही कारणांच्या छापील यादीत नव्हती. 'तांत्रिक बिघाड' मात्र होता. मग कार्यालयातून फोन यायचा, "डॉक्टर, तेवढं लिहून टाका." एका मंत्र्याचा बूट सापडेना, तेव्हा ब्रेक निकामी झाले. एकाच्या सासूबाईंचा रुसवा निघेना, म्हणून डावं इंजिन तापलं. तेच दुखणं लागोपाठ येऊ नये याचीही डॉक्टर काळजी घेई. कामात कसूर करणं त्याच्या स्वभावातच नव्हतं.

पुढे विमान विकायचं ठरलं. रुग्णांची ने-आण करणारी एक संस्था ते घ्यायला तयार होती. तपासणीला निरीक्षक बाई आल्या, त्यांनी वही वाचली आणि दोनशे अकरा बिघाड मोजले.

"हे कुणाला विकणार? भंगारात काढा."

डॉक्टरच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते. बायकोने बजावलं, "खरं बोललात तर पेन्शन जाईल. विमान काय पोटचं पोर आहे?" त्या रात्री त्याला झोप आली नाही. सकाळी त्याने बाईंना सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे बिघाड खोटे?"

"सगळे. एकोणीस वर्षांत त्याला साधी सर्दी झाली नाही."

"आणि तेल बदललं, चाकं तपासली, या नोंदी?"

"त्या खऱ्या, बाई. माझ्या हातच्या आहेत."

"बिघाडही तुमच्याच हातचे ना? मी कुठल्या हातावर विश्वास ठेवू?"

पेन्शन वाचली, कारण डॉक्टरला शिक्षा करायची तर उशिरा येणाऱ्यांची नावंही लिहावी लागली असती. विमान वाचलं नाही. ते मोडायचं कामही त्याच्याच गळ्यात पडलं, कारण दुसऱ्या कुणाला ते विमान आतून ठाऊक नव्हतं.

नियमाप्रमाणे काढलेल्या प्रत्येक भागाची अवस्था लिहायची होती. डॉक्टर एकेक भाग पुसून खाली ठेवी आणि लिही, 'उत्तम'. तीन आठवडे तो हेच लिहीत होता. एकदोनदा रडलाही, हँगरमध्ये, सगळ्यांसमोर.

शेवटच्या दिवशी भंगारवाल्याचा ट्रक आला. डॉक्टरने वही त्याच्यापुढे धरली.

"वाचून बघा. एकही भाग खराब नाही."

"वही राहू द्या, काका," भंगारवाला म्हणाला, "वजन किती ते सांगा."