रेकॉर्डवरची हळद

मला इंग्रजी येत नाही. मराठी सातवीपर्यंत, तीसुद्धा मास्तरानं ढकलली म्हणून. तरी माझ्या घरात दीडशेच्या वर इंग्रजी रेकॉर्डी आहेत. लहान, बशीएवढ्या, एका अंगाला एकच गाणं असलेल्या. अमेरिकेतल्या काळ्या लोकांची गाणी. आमच्या मुखेडात कुणाला सांगितलं की आधी हसतात, मग विचारतात, कशाला?

माझा धंदा लाऊडस्पीकरचा. लग्न, बारसं, सप्ताह, निवडणूक, सगळीकडं माझाच भोंगा. डीजे आले आणि भोंगा माळ्यावर गेला. रेकॉर्डचं मशीन तेवढं खाली राहिलं. एकदा नांदेडला भंगारवाल्याकडं गेलो होतो. त्याच्याकडं हैदराबादेतल्या कुठल्या तरी बंगल्यातून आलेलं पोतं पडलं होतं, त्यात ह्या लहान रेकॉर्डी. पोत्यासकट उचलून आणल्या. पण मधलं भोक एवढं मोठं की मशीनच्या खिळ्यावर रेकॉर्ड नुसती लडखडायची. लातूरचा एक टेलर माझा जुना दोस्त, गाण्याचा शौकीन. त्यानं दोऱ्याच्या लाकडी रिळाचा तुकडा घासून भोकात बसेल अशी चकती करून दिली. मग वाजली.

पहिल्यांदा वाटलं, मशीन बिघडलं. बाजा जवळजवळ नव्हताच. चार-पाच गडी नुसत्या गळ्यानं वाजवत होते. एक खाली विहिरीत उतरल्यासारखा, एक बाईसारखा बारीक, आणि मधले डूं डूं, वा वा करून राहिलेले. बायको भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणली, "हे इंग्रजी न्हाई. हे तर कामाच्या नादात कोणीबी म्हणतंय." तिचं बरोबर होतं. त्या डूं डूंला शाळा लागत नव्हती.

तेव्हापासून मी ह्याच नादाला लागलो. नांदेड, लातूर, हैदराबादचा जुना बाजार. लेबलावरची अक्षरं लागायची नाहीत, म्हणून मी रंग आणि चित्रावर ओळखायचो. पिवळीवर कोंबडा, निळीवर जहाज. बाकी वळख बायकोनं करून दिली, तिच्याही नकळत.

आमच्यात खंडेनवमीला पोटापाण्याच्या अवजाराची पूजा असते. बायको दरसाल ॲम्प्लिफायर, भोंगा, मशीन पुसून मांडायची आणि हळदीकुंकू लावायची. रेकॉर्डी आल्या तेव्हा ती त्यांनापण लावायला लागली. मी म्हणलं, ह्यांच्यावर कुठं पोट चालतंय, ह्या तर माझ्या हौसेच्या. ती म्हणली, हौस काय उपाशी ठेवायची असती का. दर रेकॉर्डीच्या लेबलावर करंगळीशेजारच्या ओल्या बोटानं एक हळदीचा ठिपका, एक कुंकवाचा. दर सालाला एक जोडी. तीन जोड्या दिसल्या की समजायचं, ही तीन वर्षांपूर्वी घरात आली. लोक म्हणे नंबर बघून रेकॉर्डीचं साल काढतात. मी तिची बोटं मोजायचो.

गेल्या साली तिचं पोट दुखायला लागलं. नांदेड झालं, लातूर झालं. लातूरच्या डॉक्टरनं फोटो बघून मलाच बाहेर बोलावलं, तेव्हाच मी समजलो. घरी आणली. पुढच्या खोलीत खिडकीजवळ खाट टाकली. ती खंडेनवमी तिनं खाटेवर बसूनच केली. मी एकेक रेकॉर्ड समोर धरायचो, ती बोट टेकवायची. शेवटच्या पंधरा-वीस राहिल्या तेव्हा म्हणली, बास, हात उचलंना.

संक्रांतीनंतर पुण्याहून एक माणूस आला. कुणीतरी फोनवर त्याला माझ्या रेकॉर्डींचे फोटो धाडले होते. त्याच्याकडं भिंग होतं, बारकी बॅटरी होती. दोन तास मांडी घालून बसला. निळी जहाजवाली हातात घेतली. म्हणाला, काका, ही कुठं बघायलासुद्धा मिळत नाही, हिच्यामागं लोक जगभर फिरतात. मग बॅटरी लेबलावर धरून तोंड बारीक केलं. हे डाग कसले, म्हणाला. डाग नसते तर हिला तोड नव्हती. पुढच्या महिन्यात परत येतो, विकायचा विचार करून ठेवा.

मी जन्मभर भोंगे वाहिले. माझ्या कोणत्याच वस्तूला तोड नाही असं मला कधी कुणी म्हणलं नव्हतं. ते डोक्यात चढलं.

दुसऱ्या दिवशी घमेलं घेतलं, कोमट पाणी, कपड्याचा साबण, जुनं धोतर. निळी पहिली धरली. साबण लागला की हळद लाल होते हे मला माहीत होतं, तरी बघून हात थांबला. पिवळा ठिपका रक्तासारखा झाला आणि पसरला. मग एकीला केलं तर सगळ्यांनाच करू, असं म्हणत दुपारपर्यंत सगळ्या धुतल्या. ती खाटेवरून बघत होती. पहिल्यांदा चेष्टाच केली.

"रंगपंचमी आत्ताच काढली का ओ?"

मी मान वर केली नाही. थोड्या वेळानं तिला काय ते कळलं.

"माझी बोटं पुसली की तुम्ही."

मी म्हणलं, डाग आहेत ते, मोठ्या शहरातल्या माणसाला चालत नाहीत. तिनं भिंतीकडं तोंड केलं. मला वाटलं, दुखत असेल.

माणूस बोलल्याप्रमाणं परत आला. निळी हातात घेतली, बॅटरी लावली आणि तशीच खाली ठेवली. ओल्यानं लेबलाचा कागद निघाला होता, अक्षरं अर्धी गेली होती. जहाजाचं शीड उरलं होतं. बाकीच्यांची तीच गत. मी त्या रोज बघत होतो, पण मला अक्षरच येत नाही तर गेलेलं अक्षर काय दिसणार. तो म्हणाला, डाग परवडले असते हो. लेबल धुतं का कुणी? कुणी धुतलं हे?

मी म्हणलं, "बायकोनं."

ती चार हात लांब खाटेवर होती. जागी होती. तिला उठून पाणी प्यायची ताकद नव्हती, हे त्या माणसालाही दिसत होतं. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. त्याच्याकडं बघून म्हणली, "हाव साहेब, मीच. मला काय कळतंय त्यातलं."

तो काही न घेता गेला. त्यानंतर ती सव्वा महिना होती. मी त्यावर एक शब्द काढला नाही. तिनंपण नाही. पाणी मागायची, औषध घ्यायची, लेकीची चौकशी करायची. उन्हाळा लागता लागता गेली. आमच्यात जाळत नाहीत. खड्ड्यात बसवली, विभूती लावली, बेल वाहिला. माती टाकताना माझं ध्यान तिच्या हातावर होतं.

मग घरात तिची खूण हुडकायला लागलो. लुगडी लेकीनं नेली होती. फोटो आहे, पण फोटो तर स्टुडिओवाल्यानं काढलेला. रेकॉर्डी एकेक करून उजेडात धरल्या. कुठं काही नाही. मी कामात हयगय करणारा माणूस नव्हे, चांगल्या घासल्या होत्या.

पाऊस सुरू झाल्यावर आठवलं. एक रेकॉर्ड लातूरला होती. कोंबडावाली. टेलरनं ऐकायला म्हणून नेली आणि दिलीच नाही. त्यावरून मी त्याला नको ते बोललो होतो, तेव्हापासून येणंजाणं बंद होतं. बायको गेल्याचंसुद्धा मी त्याला कळवलं नव्हतं.

सकाळची एसटी धरून लातूरला गेलो. तो दुकानाच्या दारात मशीनवर वाकून बसलेला. मला बघून पाय थांबवला. भांडण त्याला आठवलं का नाही कोण जाणे. म्हणाला, "ये बाबा. वहिनी कशी हाय?"

मी सांगितलं. त्यानं चष्मा काढला, टेप गळ्यातून काढून ठेवला आणि दुकानाचं अर्धं शटर ओढलं. मग मी रेकॉर्डी धुतल्याचं सांगितलं, आणि त्या माणसापुढं काय बोललो तेपण सांगितलं. तोवर हे मी लेकीलाही सांगितलं नव्हतं. तो म्हणाला, तू लई हलकट निघालास. मी म्हणलं, हाव.

त्यानं ट्रंकेतून रेकॉर्ड काढली. तिच्या लेबलावर पांढरा गोल कागद चिकटवलेला, वर त्याच्या हातचा आकडा. तो आपल्या सगळ्या रेकॉर्डींना असा नंबर डकवतो, आणि डिंक लावताना हात राखत नाही. ती माझी असून त्यानं आपल्यात जमा करून टाकली होती. एरवी मी त्याची गचांडी धरली असती. नुसतं विचारलं, खाली ठिपके होते का?

"होते की. पाच जोड्या. मी म्हणलं, वहिनीनं लावलंय, पुसायचं कशाला. वरून कागद लावला."

त्यानं चहाच्या किटलीची वाफ धरली आणि सुईनं कडेचा कागद उचलला. नखाएवढा सुटला. त्याच्या पाठीला पिवळं लागलं होतं, लेबलाचा पापुद्रा आणि हळद दोन्ही. मी त्याचा हात धरला. थांब म्हणलं. त्यानं ते टोक थुंकी लावून परत बसवलं, अंगठ्यानं दाबून धरलं आणि रेकॉर्ड माझ्या हातात दिली.

ह्या खंडेनवमीला मशीन मांडलं. हळदीकुंकवाची वाटी घेऊन बसलो. धुतलेल्या रेकॉर्डींना बोट लावायला गेलो आणि मागं घेतलं. पुसलं मी, आणि लावणारपण मीच, असं कसं. तशाच बाजूला ठेवल्या. कोंबडावाली तेवढी वाजवली. पांढरा कागद गरगर फिरत होता, आकडा वाचता येत नव्हता. खालचा गडी डूं डूं करत राहिला.

लेक आली होती. तिला म्हणलं, माझ्यामागं ह्या सगळ्या कुणालाबी दे. ही एक धुवायची न्हाई, हिचा कागद काढायचा न्हाई. कुणी विचारलं हा कागद कसला, तर सांग, खाली माझ्या आईची बोटं हायत.

ती म्हणली, आणि बाकीच्यांवरची कुठं गेली?

मी वाटी झाकून ठेवली. मग तिला खाली बसायला सांगितलं.