लांब आग

लग्नाआधी मी नगरला लष्कराच्या एका कचेरीत भाषांतराचं काम करत होते. पुण्यात राहून फ्रेंच शिकले होते, आणि फ्रेंच बनावटीच्या रणगाड्यांची पुस्तकं इंग्रजीत आणायची होती. तोफेच्या नळीतल्या पोकळीला फ्रेंच माणूस 'आत्मा' म्हणतो आणि बंदुकीच्या घोड्याला 'कुत्रा', हे घरी सांगितलं तेव्हा धाकटा भाऊ खूप हसला होता. तो स्वतः रणगाड्यावर गनर होता.

एकाहत्तरच्या लढाईतून तो धडधाकट परत आला. पुढच्या वर्षी राजस्थानात, सराव चालू असताना गेला. तारेत एवढंच होतं.

त्याच्याच रणगाड्यावरचा पाथर्डीकडचा एक जवान रजेवर आला तेव्हा आम्हाला भेटायला आला. आई आत चहा करत होती. मी विचारलं, "नेमकं काय झालं?"

"चाप वढला, पन गोळा सुटलाच न्हाई," तो म्हणाला. "मंग यानं मागनं तोफ उघडली. आन् तवाच आतला गोळा उडाला."

"थांबायचं असतं, हे माहीत नव्हतं त्याला?"

"समद्यांना म्हाईत असतं, ताई. त्यालाबी हुतं. लई घाई चालली हुती."

आईनं चहा आणला. मग आम्ही पाथर्डीच्या पाण्याविषयी बोललो.

मी कामावर जातच होते. थोड्या दिवसांनी पुस्तकातलं ते प्रकरण आलं. 'लाँ फ', शब्दशः लांब आग. चाप ओढूनही गोळा लगेच सुटत नाही, आत दारू धुमसत राहते. इंग्रजीत हँगफायर.

कचेरीतल्या मेजरसाहेबांनी पान पाहिलं. "बाई, हे राहू द्या. पुण्यातल्या कुणाकडून तरी करून घेऊ."

"नको. करते मी."

रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. तोफ उघडण्याआधी थांबणं बरं, अशा अर्थाचं वाक्य होतं. मी इंग्रजीत 'थांबलंच पाहिजे' असं केलं.

"मुळात इतकं ठाम आहे?" साहेबांनी विचारलं.

"नाही."

त्यांनी पानावर सही केली.

संध्याकाळी डबा घासायला घेताना आईनं विचारलं, "भाजीत मीठ जास्त झालं होतं का गं?"

"कळलं नाही," मी म्हणाले. भाजी कसली होती, तेही मला आठवत नव्हतं.